‘झोपू दे’ म्हणण्याआधी

पुण्यात व्यसनमुक्तीविषयी बोलणारी माणसे कमी नाहीत. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून ‘व्यसन हा आजार आहे’ हे वाक्य या शहरात इतक्या तळमळीने आणि इतक्या वेळा बोलले गेले आहे की, निदान तोंडाने तरी ते आता बहुतेकांना मान्य असते. मात्र याच आजारातील सर्वांत निकडीच्या प्रसंगी, म्हणजे घरातले माणूस नशेच्या अतिमात्रेने (ओव्हरडोसने) बेशुद्ध पडलेले असताना, पहिल्या दहा मिनिटांत घरच्यांनी नेमके काय करावे, हे आम्हाला कुणी आपणहून सांगितल्याचे आठवत नाही. माझा धाकटा भाऊ अनेक वर्षे गर्दच्या आणि पुढे गोळ्यांच्या आहारी गेला होता. आज तो बरा आहे, नोकरी करतो, आणि हे सगळे मी त्याच्या संमतीने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलेले, प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकलेले आणि आमच्यासारख्याच इतर कुटुंबांच्या अनुभवांतून कळलेले येथे मांडते आहे.

अशा अनेक घरांशी बोलल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. त्या रात्री जो वेळ वाया जातो, तो अज्ञानापेक्षा संकोचामुळे अधिक जातो. शेजाऱ्यांना कळेल, पोलीस दारात येतील, मुलीचे लग्न ठरत आले आहे, सकाळपर्यंत उतरेल, या विचारांत अर्धा तास सहज निघून जातो, आणि मेंदूला प्राणवायू मिळत नसेल तर काही मिनिटेसुद्धा फार झाली. म्हणून दवाखान्यात न्यायचे की नाही हा प्रश्न त्या रात्री चर्चेला येताच कामा नये. त्याचा निर्णय एखाद्या साध्या दिवशी, सगळे शांत असताना, घरात सर्वांसमक्ष झालेला असावा.

अतिमात्रेने माणूस कशामुळे दगावतो हे नीट समजले की पुढचे बरेचसे आपोआप लक्षात राहते. गर्द म्हणजेच ब्राऊन शुगर, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, मॉर्फिन ही सगळी अफूच्या कुळातील द्रव्ये आहेत. आपण गाढ झोपेत असतानाही श्वास चालू राहतो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदूतील श्वसनकेंद्र त्याची दखल घेते आणि पुढचा श्वास घ्यायला लावते. अफूच्या कुळातील द्रव्ये नेमके हेच केंद्र सुस्त करतात. माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. तो शांत पडून राहतो आणि त्याचा श्वास उथळ व विरळ होत जातो. त्यातच नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणि वर दारू असेल, तर तिन्हींचा परिणाम श्वासावरच एकत्रित होतो. एकेका पदार्थाची मात्रा नेहमीपेक्षा कमी असूनही मिश्रणाने जीव जाऊ शकतो, हे घरच्यांनी विशेष ध्यानात ठेवावे, कारण ‘आज तर त्याने थोडीच घेतली होती’ हे वाक्य मी फार घरांत ऐकले आहे. ट्रामाडॉलमुळे फिट्सही येऊ शकतात. ते २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले, तरी ‘दुखण्याचीच तर गोळी आहे’ म्हणून तिच्याकडे आजही दुर्लक्ष होते.

शिरेतून टोचून घेतले असेल तर काही मिनिटांतच श्वास थांबू शकतो. एरवी पुष्कळदा असे होते की, नशा केल्यापासून एक ते तीन तासांच्या काळात श्वास हळूहळू मंदावत जातो. म्हणजे घरात कुणी असेल, आणि काय पाहायचे हे त्याला ठाऊक असेल, तर जीव वाचवण्याइतका अवधी बहुधा मिळतो. एकट्याने, दाराला आतून कडी लावून केलेली नशा सर्वाधिक घातक ठरते ती याचमुळे. संडास-बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घेणे हा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि व्यसनी माणूस असलेल्या प्रत्येक घराने तो करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता ओळखायचे कसे, ते सांगते. सर्वांत फसवी खूण म्हणजे घोरणे. नेहमी न घोरणारा माणूस नशेनंतर खोल, घरघरीत, मध्येच तुटणारा आवाज काढू लागला, तर ती झोप नव्हे. जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अडत चालल्याचा तो आवाज असतो. प्रथम नावाने मोठ्याने हाक मारावी, खांदे हलवावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे जोराने घासावीत. साध्या झोपेतला किंवा केवळ झिंगलेला माणूस एवढ्याने कण्हतो, हात झटकतो. त्यानेही तो हलला नाही तर थेट श्वासाकडे पाहावे. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दोन श्वासांमध्ये पाच-सहा सेकंदांहून अधिक अंतर पडत असेल, श्वास अनियमित असेल किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तसे नुसते आचके येत असतील, तर तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर निळसरपणा चटकन दिसत नाही. त्यासाठी ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखे दिव्याच्या उजेडात पाहावीत, ती राखाडी दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या असतात, पण इतर पदार्थ मिसळलेले असतील तर ही खूण मिळेलच असे नाही, त्यामुळे बाहुल्या तपासत बसण्यात वेळ दवडू नये.

आमच्या घरी हे घडले ते गौरी जेवणाच्या दिवशी. भाऊ उपचार केंद्रातून परतून फार दिवस झाले नव्हते. घर पाहुण्यांनी भरलेले, पंगत नुकतीच उठलेली, आणि तो ‘जरा पडतो’ म्हणून आतल्या खोलीत गेलेला. दोनदा हाक मारूनही तो पानावर आला नाही, तेव्हा आमचे मामा म्हणाले, “अगं, झोपू दे त्याला, औषधांची गुंगी असेल.” माझ्या भावजयीच्या कंपनीत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले होते. ती हातातले ताट तसेच ओट्यावर ठेवून आत गेली, तिने आधी त्याच्या तोंडाजवळ गाल नेला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्याचे श्वास मोजले, आणि बाहेर येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर स्पष्ट सांगितले, “यांनी काहीतरी घेतलंय, श्वास नीट चालत नाहीये. ताई, तुम्ही एकशे आठला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. मामा, तुम्ही खाली जाऊन गेट उघडं ठेवायला सांगा.” त्या खोलीत पंधरा-वीस माणसे होती आणि त्यांतल्या निम्म्यांना भावाच्या व्यसनाचा पत्ता नव्हता. तिने त्या क्षणी घराची अब्रू हा विषयच बाजूला सारला. भाऊ आज आहे तो त्या एका वाक्यामुळे, असे मी मनापासून मानते.

१०८ ही राज्यभरातील मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंधला आहे. ११२ वर फोन केला तरी मदत मिळते. फोनवर पहिले वाक्य ‘माणूस शुद्धीवर नाही, श्वास नीट चालत नाही’ असेच असावे. व्यसनाचा इतिहास, भांडणे, किती वर्षांपासून हे चालले आहे, यांतले काहीही त्या वेळी सांगायची गरज नसते. मग पत्ता, आणि पत्त्यासोबत ठळक खूण. पेठांमध्ये अमुक मारुतीच्या बोळात म्हटले तर स्थानिक माणसाला समजते, चालकाला समजेलच असे नाही, म्हणून मुख्य रस्त्यावर कुणीतरी उभे राहावे. मोठ्या सोसायट्यांमध्ये रात्री कोणते गेट उघडे असते, लिफ्ट खाली थांबवून ठेवली आहे का, सुरक्षारक्षकाला कल्पना दिली आहे का, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत मिनिटे जातात. विसर्जनाच्या दिवशी मध्यवर्ती भागात कोणते रस्ते बंद असतात हे पुणेकराला वेगळे सांगायला नको. समोरचा कर्मचारी काय करायचे ते सांगत असतो, म्हणून फोन ठेवून देऊ नये.

गाडी येईपर्यंतचे काम श्वासावर अवलंबून आहे. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास बरा चालला आहे, अशा वेळी त्याला कुशीवर वळवावे: वरचा गुडघा पुढे दुमडून जमिनीला टेकवावा म्हणजे तो पालथा होणार नाही, वरचा हात गालाखाली ठेवावा, हनुवटी किंचित वर आणि तोंड थोडे खालच्या बाजूस, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात न अडकता बाहेर पडेल. उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू होणे हे अतिमात्रेतील एक नेहमीचे कारण आहे. त्याला तसा वळवून निघून जाऊ नये. कुणीतरी शेजारी बसून श्वासाकडे सतत पाहत राहावे.

श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर त्याला कठीण पृष्ठभागावर, म्हणजे गादीवरून खाली जमिनीवर, उताणे घ्यावे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने दाब द्यायला लागावे. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रत्येक वेळी छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब लागतो, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. ज्यांनी प्रशिक्षण घेतले आहे त्यांनी दर ३० दाबांनंतर, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन श्वास द्यावेत. हृदयविकाराच्या झटक्यापेक्षा येथे कृत्रिम श्वासाचे महत्त्व अधिक आहे, कारण मूळ बिघाडच प्राणवायू न पोचण्याचा आहे. नाडी लागते आहे पण श्वास नाही, हे जाणकाराला निश्चित कळत असेल, तर दर पाच सेकंदांनी एक याप्रमाणे नुसते श्वास देत राहणेही उपयोगी पडते. हे वाचून येत नाही, हातांनी करून पाहावे लागते. घरातल्या दोन माणसांनी तरी एखाद्या दिवसाचे जीवरक्षक प्रशिक्षण घ्यावे. त्याचा उपयोग पुढे आजोबांच्या छातीत दुखले तरी होतोच.

आपल्या घरांत अशा वेळी जे उपाय आपोआप सुचतात, त्यांपैकी बहुतेक घातक आहेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे हा त्यांतला सर्वांत वाईट उपाय. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते फुफ्फुसांत जाते आणि जास्त मीठ पोटात गेले तर तेवढ्यानेच प्राण जाऊ शकतो. लिंबू, ताक, काळी कॉफी, दूध, यांतले काहीही बेशुद्ध माणसाच्या तोंडाला लावू नये. थंड पाण्याच्या बादल्या ओतणे, थोबाडीत मारणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यांनी श्वास सुरू होत नाही. फिट आली असेल तर दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे आणि झटके थांबताच कुशीवर वळवावे. आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामची पूड नवऱ्याच्या भाजीत त्याच्या नकळत मिसळणाऱ्या बायका आणि आया मला भेटल्या आहेत. त्यांची अगतिकता मी समजू शकते. परंतु ते औषध पोटात असताना दारू प्यायली गेली तर रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो, आणि डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर उपचाराची दिशा चुकते. असे काही दिलेले असेल तर ते आकस्मिक विभागात आधी सांगावे. तेथे कुणीही त्याचा जाब विचारत बसत नाही.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, याची गोष्ट निराळी आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा पदार्थ कायद्याने बंदीच्या यादीत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीपासून कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत जाऊन त्याचा जो प्रचंड साठा पकडला, त्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. हे उत्तेजक द्रव्य आहे. त्याच्या अतिमात्रेत माणूस झोपत नाही, उलट कमालीचा अस्वस्थ होतो, घामाने निथळतो, अंग तापते, छाती धडधडते किंवा दुखते, कुणीतरी मारायला येते आहे असे त्याला वाटू लागते. घरचे लोक याला माज समजून त्याला दोरीने बांधतात किंवा खोलीत कोंडतात, आणि त्या झटापटीत आधीच तापलेले शरीर आणखी तापते. खरे तर दिवे आणि आवाज कमी करावेत, एकाच माणसाने हळू आवाजात बोलावे, खिडक्या उघडाव्यात, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि १०८ ला बोलवावे. छातीत दुखणे, फिट, किंवा हाताला चटका बसावा इतका ताप यांपैकी काहीही असेल तर ‘शांत झाला की नेऊ’ हा विचार सोडावा. असा माणूस एकाएकी गप्प पडला तर तो शांत झाला आहे असेही समजू नये; लगेच श्वास पाहावा.

पूर्ण शुद्धीवर असलेल्या, नीट बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीतही धोका असू शकतो, याचे उदाहरण म्हणजे पॅरासिटामॉल. भांडणानंतर रागाच्या भरात पाकीटभर गोळ्या घेतलेला मुलगा पहिला दिवसभर ठीकठाक दिसतो, आणि यकृत निकामी होत असल्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी उमटतात. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वाधिक गुणकारी ठरतो. गोळ्या घेतल्याचे कळताच, माणूस कितीही बरा दिसत असला तरी, दवाखाना गाठावा.

आता पोलिसांच्या भीतीविषयी. ही भीती खोटी नाही. विषबाधा किंवा अतिमात्रेचा रुग्ण आला की रुग्णालये बहुधा त्याची न्यायवैद्यक नोंद करतात आणि पोलीस चौकशीला येऊ शकतात. मात्र त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत; १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार नंतरचे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला जवळच्या छोट्या रुग्णालयाने ‘ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या’ असे दारातूनच सांगितले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी या निकालाचा उल्लेख करून प्राणवायू लावून घेतला आणि मगच त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. स्वतः नशा करणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे हे खरे, परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. गोळ्या जीव देण्याच्या हेतूने घेतलेल्या असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करण्यापासून संरक्षण देते. ही कलमे एका कागदावर लिहून ठेवावीत. अशा वेळी कागद हातात असलेल्या माणसाचा आवाज कमी थरथरतो.

डॉक्टरांना मात्र सर्व खरे सांगावे: काय घेतले, अंदाजे किती, केव्हा, कशासोबत, आधीचे आजार कोणते. रिकामी पाकिटे, बाटली, पुडीचा कागद जे सापडेल ते सोबत न्यावे. घर आवरायच्या घाईत ते कचऱ्यात जाऊ नये. सुई असेल तर ती उघड्या हाताने उचलू नये.

अफूच्या कुळातील द्रव्यांवर नॅलॉक्सोन नावाचा उतारा आहे. तो मेंदूतील त्याच जागांवरून या द्रव्यांना हुसकावून लावतो आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा एमडीवर त्याचा उपयोग होत नाही. अमेरिकेत शिकागोमध्ये १९९६ पासून एक संस्था हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जवळच्यांच्या हाती देऊ लागली, आणि २०२३ मध्ये तेथे त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. अतिमात्रा पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते अशा सर्वांना हे औषध उपलब्ध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे. आपल्याकडे ते प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि रुग्णालयांत मिळते. ज्यांच्या घरी गर्द किंवा तत्सम व्यसन आहे त्यांनी आपल्या मनोविकारतज्ज्ञाला ‘हे आम्ही घरी ठेवू शकतो का, आणि ठेवले तर द्यायचे कसे’ असे सरळ विचारावे. व्यसनमुक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या जिभेखालच्या काही गोळ्यांवर बुप्रेनॉर्फिनसोबत नॅलॉक्सोन असे छापलेले असते. ती गोळी हा उतारा नव्हे, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात ती कदापि घालू नये.

माझ्या भावाला रुग्णालयात नॅलॉक्सोन दिल्यावर तो थोड्याच वेळात डोळे उघडून उठून बसला, आणि बसल्याबरोबर चिडून हातातली सुई उपसू लागला. हे अपेक्षितच असते, कारण नशा एका झटक्यात उतरते आणि तलफेच्या यातना त्याच क्षणी सुरू होतात. ‘आता बरा दिसतोय, सही करून घरी नेऊ’ असा मोह घरच्यांना तेव्हाच होतो. नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, नशेचा अंमल मात्र त्याहून अधिक काळ टिकू शकतो, आणि मग श्वास पुन्हा मंदावतो. डॉक्टर सांगतील तितके तास थांबायलाच हवे. भावाने त्या रात्री मला जे जे बोलले, त्याचा मी कधी हिशेब मांडला नाही.

आमच्या घरी हे उपचारांनंतर घडले, याचे कारणही सांगायला हवे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वी सहज पचणारी मात्रा आता प्राणघातक ठरते. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा लांबलेल्या आजारपणातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वाधिक जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच घर सुटकेचा निःश्वास टाकून पाळत सैल करते. केंद्रातून आणताना हे त्याला आणि स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘अशी तयारी ठेवणे म्हणजे त्याला मोकळीक देणेच नाही का’ असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनीही विचारले होते. व्यसन सुटण्याचा दिवस उगवायला माणूस जिवंत असावा लागतो, एवढेच मी त्यांना सांगू शकले, आणि त्यांनी ते ऐकले.

घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेऊ नये. शरीर सावरले की पुढच्या उपचारांची भेट त्याच आठवड्यात ठरवावी. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पुण्यात मुक्तांगणसारखी अनुभवी संस्था आहे, आणि तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालतो. माझी भावजय सुरुवातीला मोठ्या अनिच्छेने अशा बैठकीला गेली होती, आणि पुढे इतर बायकांना फोन करून बोलावून नेऊ लागली.

त्या दिवशी माझी आठ वर्षांची भाची दारात उभी राहून सारे पाहत होती, हे आम्हा मोठ्यांच्या रात्री उशिरा लक्षात आले. तिने विचारले, “बाबा मरणार होता का?” तिची आई म्हणाली, “हो, तसं होऊ शकलं असतं. त्याला एक आजार आहे, आणि डॉक्टरांनी त्याला वाचवलं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.” पुढच्या आठवड्यात तिने मुलीकडून १०८ हा क्रमांक, सोसायटीचे नाव आणि मजला पाठ करून घेतला. त्यानंतरही ती बरेच दिवस रात्री उठून वडिलांच्या खोलीत डोकावत असे, तेव्हा आम्ही १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत बोललो आणि त्यांच्या सल्ल्याने तिला बालमानसतज्ज्ञाकडे नेऊ लागलो.